कोपऱ्याला चिकटवलेलं तिकीट

मी तलवाडा सोडलं त्या सकाळी आमच्या बैलगाडीपुढे बाबूचाचा चालत होते. ते टपालाचे हरकारे. खांद्यावर थैला आणि हातात घुंगरू बांधलेली काठी घेऊन गेवराईपर्यंत जायचं आणि तिथली डाक घेऊन परतायचं, हे त्यांचं रोजचं काम. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे चाचांचे लंगोटीयार. त्यामुळे गाडी घुंगरांच्या मागोमागच निघाली. माय वेशीपाशी थांबली होती. दशम्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून ती एवढंच म्हणाली, "उत्तर धाडत जा बाबा."

गेवराईला चाचांची वाट संपली. आबांना आणि मला पुढे जालन्याला रेल्वे गाठायची होती. चाचांनी थैल्यावर थाप मारली. "दिगू, कावून तोंड पाडतूस बे? तू लिव्ह, हे लिवतेत. कितीबी पाऊस पडू दे, तुमचं एक पत्र मी भिजू देणार न्हाई."

हे वाक्य पुढे तेवीस वर्षं माझ्या छातीत रुतून बसलं. कशामुळे ते आज लिहितो आहे. गावातल्यांनी वाचावं आणि गाव सोडून गेलेल्यांनीही वाचावं. माझा स्वभाव बोलका नाही. बायकोलासुद्धा मी हे यंदाच सांगितलं.

हैदराबादेत मला मिर्झासाहेबांच्या दुकानात काम मिळालं. जुनी टपाल तिकिटं जमवणाऱ्या शौकिनांसाठी ते दुकान होतं. गावात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. वापरलेलं तिकीट विकत घेतं कोण? पण तिथे सिकंदराबादेतले गोरे साहेब येत, नवाबांचे मुन्शी येत, आणि बोटाएवढ्या कागदावर तास तास वाकून बसत. मिर्झासाहेबांच्या मेजावर हिरव्या बनातीच्या कापडावर हत्यारं मांडलेली असायची. डोळ्याला लावायचं पितळी भिंग. चपट्या टोकांचा चिमटा, कारण बोटाचा घाम तिकिटाला लागता कामा नये. काळ्या काचेची तबकडी: तिच्यावर तिकीट पालथं ठेवून बेंझिनचे दोन थेंब सोडले की कागदाच्या पोटातलं पाणचिन्ह सावलीसारखं वर येई. आणि दाते मोजायची पट्टी. तिकिटाच्या कडेला जे दाते असतात ते दोन सेंटिमीटरांत किती बसतात, हे तिच्यावर ठेवून कळायचं. चित्र तेच, रंग तोच, पण दाते वेगळे निघाले की तिकीट दुर्मीळ, आणि साहेब खुर्चीतून उठायचे.

मिर्झासाहेब पहिल्या दिवशी म्हणाले, "मियाँ, एक बात याद रखो. पहले चिमटा, फिर पानी." कागदावरचं तिकीट आधी चिमट्याने कोपऱ्यातून हळूच उचलून बघायचं. येत असेल तर तसंच घ्यायचं. घट्ट असेल तरच कागद पाण्यात भिजवून सोडवायचं.

मी हे सगळं हौसेने घरी लिहिलं. आबांना लिहिता येत नव्हतं, शाळेतले मास्तर, गावचं टपालही तेच बघत, त्यांचं पत्र लिहून देत. त्यांचं उत्तर आलं, "आमी बैलाचे दात बघून जनावर घेतो, तू कागदाचे दात बघून पगार घेतूस. लई नवल हाय. गावात समदे हसतेत. मला बरं वाटतंय." ते पत्र मी दुकानात वाचून दाखवलं तेव्हा मिर्झासाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्या काळात आमच्याकडे पत्राला लिफाफा क्वचितच असे. कागद चारदा दुमडायचा, पिठाची खळ लावून बंद करायचा, आणि तिकीट पाठीमागे, बरोबर दुमडीवर चिकटवायचं, मोहोर लावल्यासारखं. पत्र उघडायचं म्हणजे तिकीट फाडायचं. गावात त्याचं कुणाला काय? पण दुकानात आल्यापासून ते माझ्या जिवावर येऊ लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरताना आबांचं एक पत्र आलं. टपालवाल्याने ते दुकानातच हाती दिलं. मी ते उलटं केलं आणि माझी नजर तिकिटावर गेली. आधी तिकिटावर, हे लिहितानाही लाज वाटते. एकही दाता तुटलेला नव्हता, चारी कडा कोऱ्या करकरीत. भिंग लावलं. पट्टी टेकवली. नेहमी तेरा बसायचे, मला अकरा दिसले. त्याच सकाळी सिकंदराबादचा एक साहेब येणार होता. माझ्या हाताने शोधलेली पहिली दुर्मीळ वस्तू त्याच्यापुढे ठेवायची, एवढंच डोक्यात होतं. पत्र उघडलं तर तिकीट फाटणार. चिमटा हाताशी होता. मी त्याला शिवलोदेखील नाही. पाण्याचं भांडं ओढलं आणि ते न उघडलेलं पत्र तसंच्या तसं त्यात बुडवलं.

मास्तरांची शाई घरीच केलेली होती, काजळ आणि डिंकाची. भांड्यातलं पाणी आधी राखाडी झालं, मग काळं. मी पत्र बाहेर काढून उलगडलं तर हाती ओला कागद आला, एकही अक्षर नसलेला. तिकीट मात्र तरंगत होतं. साहेब आला, त्याने भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. दाते तेराच होते. घाईत, दुमडीच्या उंचवट्यावर मी पट्टी तिरकी धरली होती. अगदी साधं, पेटीत शेकड्याने सापडणारं तिकीट.

घरी लिहायला हवं होतं, पत्र माझ्या हातून भिजलं, पुन्हा लिहा. दोन ओळींचं काम. पण मूर्खपणा कबूल करणं जिवावर आलं. नेहमीचाच मजकूर असेल, पुढच्या पत्रात कळेलच, असं म्हणून मी गप्प राहिलो.

पुढचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. "तुजी माय गेली. ती आजारी हाय, लगोलग निघून ये, म्हणून पत्र धाडलं हुतं. ती आठ दिस वाटंकडं डोळे लावून व्हती. तू कावून आला न्हाईस?"

मी उत्तर धाडलं: पत्र मिळालंच नाही.

तीन शब्द. मग ते माझे राहिले नाहीत, गावाचे झाले. आबांनी मुलावर विश्वास ठेवला. पत्र हैदराबादला पोचलं नाही म्हणजे तलवाडा ते गेवराईच्या वाटेवरच गेलं, बाबूने वाटेतल्या भरल्या ओढ्यात पाडलं आणि लपवलं, असं ठरलं. चाचा कुराणावर हात ठेवून शपथ घेऊन सांगत होते, म्हणे. आबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. संध्याकाळी एका चिलमीवर बसणारी ती दोन माणसं. मी अधूनमधून गावी गेलो तेव्हा पाहिलं: पाराच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला चाचा, एकमेकांकडे पाठ करून. मी दोघांच्याही पाया पडायचो आणि सुट्टी संपायच्या आधीच निघायचो. गावात लोक पत्र टाकायला आले की हसत म्हणत, "चाचा, ओढ्याला पाणी हाय का आज?" आबा त्याच अबोल्यात गेले.

ते तिकीट मी कधी विकलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर ठेवलं होतं. त्याचे दाते पाहिले, पाणचिन्ह पाहिलं. टपालाची मोहोर पाहिली नाही असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पाहिली होती. पोचल्याचा शिक्का पत्राच्या पाठीवर मारतात आणि तिकीटही पाठीवरच, म्हणून त्याच्यावर दोन शिक्के बसले होते; टपालाची शाई तेलातली, ती पाण्याने गेली नव्हती. एक तलवाड्याचा, निघाल्याचा. दुसरा हैदराबादचा, पोचल्याचा. चाचांची साक्ष तेवीस वर्षं माझ्याच पेटीत पडून होती, आणि भिंगही माझ्याच हातात होतं.

गेल्या दिवाळीनंतर मी तिकीट आणि भिंग घेऊन तलवाड्याला गेलो. चाचा पारावर एकटेच होते. डोळ्यांत मोतीबिंदू, काठीला घुंगरू नाहीत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला कावून सांगतूस? मला ठावं हाय मी पाडलं न्हाई. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

त्यांनी माणसं बोलावली. नवे मास्तर आले. मी शिक्के वाचून दाखवायला पुढे झालो तर चाचांनी काठी आडवी घातली. "तू न्हाई. तुझ्या वाचण्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला आता." मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मोठ्याने वाचलं. तलवाडा. मग हैदराबाद. कुणी हसलं नाही. ओढ्याचा विनोद करणारा म्हातारा सोपान खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

लोक गेल्यावर चाचांनी भिंग मागितलं. "आयुष्यभर टपाल वाहिलं, पर भिंगातून एक तिकीट बघितलं न्हाई कधी." नाकाला लागेल इतकं जवळ धरून ते बघत राहिले. मग हळू म्हणाले, "हेच ते. तुझ्या बापानं मास्तराकडची समदी तिकिटं उलटीपालटी केली. दाते मोजून, एकबी तुटला न्हाई असं बघून घेतलं ह्ये. म्हणला, पोराच्या कामाचं हाय. आणि नुसतं एका कोपऱ्याला थुंकी लावली. मी म्हणलं, पडंल की बे. तर म्हणला, दिगू चिमट्यानं उचलील, फाडाया नगं."

एका कोपऱ्याला. चिमटा नुसता टेकवला असता तर तिकीट हातात आलं असतं, आणि पत्रही.

मी तिथेच पारावर बसून रडलो. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते उठूनही गेले नाहीत. दिवे लागल्यावर म्हणाले, "चल, भाकर खाऊन घे." निघताना मी तिकीट आणि भिंग त्यांच्यापाशी ठेवलं. ते म्हणाले, "आता माझं पत्र येईल तुला. समदं तिकीट पक्कं चिकटवून धाडीन. फाडूनच वाच."

हैदराबादेत माझं घर आहे, मुलं उर्दूत स्वप्नं बघतात, मिर्झासाहेबांचं दुकान आता मी चालवतो. तलवाड्यात माझं म्हणावं असं दारही उरलेलं नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी दुमडलेला कागद येतो, दुमडीवर काठोकाठ चिकटवलेलं तिकीट. मेजावर चिमटा असतो, पाणी असतं, पट्टी असते. मी त्यांतल्या कशालाही हात लावत नाही. अंगठा घालतो, टर्रकन फाडतो आणि वाचायला लागतो. अर्धं तिकीट या बाजूला राहतं, अर्धं त्या बाजूला. दुकानात त्याला कुणी विचारणार नाही. मी ते तुकडे सगळे जपून ठेवले आहेत.