भिंतीवरचा कागद

"नखानं खरवड," प्राचार्य म्हणाले. "लिहिताना लाज वाटली नाही, मग आता काढताना कसली?"

मधली सुट्टी होती. सगळं कॉलेज व्हरांड्यात गोळा झालेलं. मी खळीनं चिकटवलेला कागद वाळून पक्का बसला होता. नखं दुखत होती. मागं पोरं हसत होती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. जवळा बाजारच्या पलीकडं आमचं खेडं. तिथल्या बौद्धवाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच पोरगी. लेडीज रूममधल्या माठाला मी हात लावायचा नाही, शिपाई येऊन वरून ओतील तेव्हाच ओंजळीनं प्यायचं. हा नियम कोणत्या पुस्तकात आहे, एवढंच मी कागदावर विचारलं होतं. चार ओळी. खाली माझं नाव.

त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, डांबरानं लिहिलेलं होतं, 'प्राचार्य मुर्दाबाद'. ते सुधाकरनं लिहिलं होतं. बड्या जमीनदाराचा मुलगा. परीक्षा पुढं ढकला म्हणून त्यानं आठ दिवस कॉलेज बंद पाडलं, काचा फोडल्या. प्राचार्यांनी त्याला आत बोलावून चहा पाजला. "तरुण रक्त आहे," म्हणाले. परीक्षा पुढं गेली.

मी जळत होते. खरं सांगते. त्याच्या टेरिलिनच्या शर्टावर नाही, मोटारसायकलीवर नाही. त्या अक्षरांवर. मोठी, सावकाश काढलेली. लिहिताना त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नसणार. मी चार ओळींसाठी तीनदा कागद फाडला. चिकटवताना दहादा मागं वळून बघितलं.

तेवढ्यात सुधाकरच पुढं आला. "जाऊ द्या ना सर. पोरगी हाय."

आणि सर थांबले. लगेच. "बरं. माफीनामा लिहून दे, मिटलं."

मला सोडवायलाही त्याचाच शब्द चालला. ते मला कागद खरवडण्याहून जास्त झोंबलं.

अर्धा कागद भिंतीवर, अर्धा माझ्या हातात. मी विचारलं, "सर, ते डांबर कोण खरवडणार?"

प्राचार्य माझ्याकडं वळले.

"काय म्हणालीस?"

"सुधाकरनं माफीनामा दिला का? त्यानं दिला तर मीबी देते. न्हाई तर न्हाई."

माझं नाव कॉलेजातून काढलं. घरी बाप एवढंच म्हणाला, "काहून बोललीस, बाई? चांगली शिकून राहिली व्हतीस." त्याचं तोंड बघून रडू फुटलं. पण 'चुकलं' हा शब्द मी काढला नाही.

सोमवारी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी राहिले आणि कागदावरच्या त्या चार ओळी मोठ्यानं म्हटल्या. आवाज चिरकला. परत म्हटल्या. दोन पोरी थांबल्या, एक शिपाई थांबला. सुधाकरची मोटारसायकल बाजूनं आत गेली. त्याला कुणी अडवलं नाही.

हेवा तेव्हाही वाटला. आजही वाटतो. तो मी विझू देणार नाही. त्याला जेवढं बोलता येतं तेवढं मला बोलता येईस्तोवर गप्प बसायचं नाही, हे तिथंच ठरवलं.

मंगळवारी परत गेले.