तोंडातली वस्ती

आमच्या लॅबमध्ये इतके किस्से साचतात, त्याचा दोष जंतूंनाच द्यायला हवा. तोंडातून घेतलेला स्वॅब प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशीत, लावला की जंतू उगवेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पेशंटचे नातेवाईक खिडकीशी येऊन बोलून जातात. मी वर्ध्याजवळच्या एका कॅन्सर वॉर्डाची लॅब टेक्निशियन. कापसाची काडी घेऊन लोकांच्या तोंडात डोकावायचं, हे माझं काम. हसण्यासारखं पुष्कळ ऐकलंय. आता तेच सांगायला बसले की हसू येत नाही.

*

नामदेवराव वडनेरचे. बायकोला, उषाताईंना, केमोसाठी घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं.

"ताई, जंतू सगळ्यायच्याच तोंडात असते म्हणता, मंग हिचेच काऊन तपासता?"

मी समजावलं. तोंडात जंतूंची एक वस्तीच असते, एकमेकांना धरून राहणारी. केमोच्या औषधानं तोंड सोलवटतं, लाळ आटते, अंगातली ताकद जाते. मग वस्तीची घडी विस्कटते आणि एरवी कोपऱ्यात बसणारी बुरशी सगळीकडे हातपाय पसरते.

"समजलं! चांगले लोक गाव सोडून गेले अन् टपोरी सरपंच झाला!"

आमचे लॅबप्रमुख सर आता हेच वाक्य विद्यार्थ्यांना ऐकवतात. नामदेवरावांचं नाव मात्र घेत नाहीत!

*

एक रिटायर्ड शिक्षिका होत्या. जिभेवर पांढरा थर, पण प्लेटवर काही म्हणजे काही उगवेना. सर माझ्यावर उखडले. "स्वॅब घेतेस की नुसती काडी दाखवून येतेस?"

पुन्हा गेले, तर बाई बेसिनपाशी माउथवॉशनं खळखळून चुळा भरताहेत. वर फडक्यानं जीभ घासणं चाललेलं!

"बाई, हे काय?"

"अगं, तू येणार म्हणून! पाहुणे यायचे म्हटल्यावर घर झाडून घ्यायचं नाही का?"

फडक्याला रक्त लागलं होतं. बाईंनी ते पटकन पदराखाली घेतलं. मी त्यांच्यावर खूप रागावले, आणि नंतर जिन्यात जाऊन रडले.

*

उषाताईंच्या तोंडात बुरशी निघाली की डॉक्टर पुढचा डोस लांबवायचे. डोस लांबला की गाठ वाढेल, ही भीती. त्यामुळे नामदेवराव सकाळीच खिडकीशी हजर.

"उगवलं का जी?"

"नाही उगवलं."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "जल्मभर पेरत आलो ताई. नाई उगवलं म्हून पेढे वाटणारा मीच पह्यला कास्तकार असन!"

आणि खरंच पेढे घेऊन आले! सगळ्या वॉर्डाला वाटले. उषाताईंनी एक हातात धरून ठेवला. त्यांना तो खाता आला नाही.

*

त्यानंतर एकदा उषाताईंनी मला व्हरांड्यात गाठलं.

"डब्यात काय आणलं वं?"

"भाकर आणि ठेचा."

"मंग इथंच बसून खाय. मी पाह्यते. मले तं सगळंच मातीवानी लागते."

मी खायला बसले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तिखट हाय?"

"हो."

"कसा तिखट? नीट सांग ना."

मला काही सांगता येईना. रोज ठेचा खाते, पण तिखट म्हणजे कसं लागतं ते शब्दांत कधी सांगितलंय? मी नुसती "हाश्श हुश्श" करत राहिले.

"बह्याड पोरगी!" म्हणत त्या हसल्या. हसताना ओठ फाटला, तरी हसत होत्या.

त्या दिवशीच्या स्वॅबवर बुरशी उगवली. डोस थांबला.

*

तो थांबला तो थांबलाच. ताप चढत गेला आणि उषाताई गेल्या. आदल्या दिवशी मी शेवटचा स्वॅब घेतला होता. त्यांना तोंड उघडवत नव्हतं, तरी माझ्यासाठी उघडलं.

राख सावडून झाल्यावर नामदेवराव कागदपत्रं न्यायला आले, आणि जाता जाता लॅबशी थांबले.

"ताई, त्या दिवशी तिच्या तोंडातलं घेतलं होतं, त्याचं काय झालं?"

नियमात बसत नव्हतं, पण मी झाकणाला टेप लावून प्लेट त्यांच्या हातात दिली. सायीसारखी पांढरी, गच्च भरलेली.

"हे तिच्याच तोंडातलं?"

"हो."

"अजून जित्तं हाय?"

"आहे."

त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली. "यायनंच तिले घासभर खाऊ देल्लं नाई."

मी कामाचं बोलले. "रिपोर्ट झालाय. आज या सगळ्या प्लेटा मशीनमध्ये वाफेवर टाकायच्या. मग यातलं काही उरत नाही."

मी हात पुढे केला. त्यांनी प्लेट दिली नाही. दुपट्ट्याचं टोक तिच्याखाली धरलं.

"आजच्या दिवस राहू द्या जी."