लाल दिवा विझेपर्यंत

आज शेंद्र्याच्या कारखान्यात मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह जळाला आणि तो जुना करपट वास नाकात शिरला.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या कारखान्यात असाच वास पसरला होता. लाइन बंद पडलेली, मॅनेजर ओरडत होता. मेन स्विच पाडून मी घाईनं ड्राइव्हचं झाकण उघडायला गेलो, तर आमचे जुने इलेक्ट्रिशियन रफिकभाई यांनी माझं मनगट पकडलं.

"रुक बेटा. सप्लाय तोडला म्हणून लगेच मरत नाय ते. कपॅसिटरात करंट हाय अजून. त्याच्यावरला लाल दिवा विझू दे."

दिवा विझेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. त्यांची बोटं थरथरत होती. तेव्हा मला तो राग वाटला. ती माझ्या जिवाची भीती होती, हे आता कळतं.

रफिकभाई गेले. आज स्विच पाडला आणि दिवा विझेपर्यंत मी माझंच मनगट धरून उभा राहिलो.