गाडी खाली आहे

रुमालाची पुरचुंडी काउंटरवर ठेवायची, तिची चारही टोकं एकेक करून उलगडायची आणि आत पाहत हळूच म्हणायचं, “गेला बिचारा.” नवख्या माणसाला वाटावं, या काकांचा पाळलेला पोपट मेला. रुमालात असायचा गाडीचा तुटका क्रॉस.

झाशीच्या इलाइट चौराह्याजवळ माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तुम्हीही कधी पिकअपखाली वाकून पाहिलं असेल. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा जातो, तो शाफ्ट. त्याच्या टोकाला चार हातांचा एक लोखंडी तुकडा असतो, तो क्रॉस. नीट गाडीत तो वर्षानुवर्षं टिकतो. या काकांना दर दोन महिन्यांनी नवा लागायचा. नगरा मोहल्ल्यात राहणारे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशांचे आपले मराठी गृहस्थ. आणि गाडी कशी? जुनी पिकअप, पण कॉलेजातली उनाड पोरं करतात तशी खाली बसवून घेतलेली. पोट रस्त्याला टेकतंय की काय असं वाटायचं.

माझं डोकं मुळातच गरम. मी ओरडायचो, “काका, गाडी खाली केली की शाफ्टचा कोन बिघडतो. थरथरते ना? मग क्रॉस मरणारच! वर उचलून घ्या. या वयात कसली हौस हो?”

“हौसच आहे, भैया,” एवढंच म्हणायचे आणि नवा क्रॉस त्याच रुमालात बांधून चालू पडायचे.

गाडी खाली केल्याची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. मेकॅनिकला म्हणाले, “गाड़ी खाली कर दो,” आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर गाडी होती तेवढीच उंच, आणि जॅक, पाने, ताडपत्री, टोपल्या, देवाची तसबीर, सगळं अंगणात ओळीनं मांडलेलं. “कर दी खाली, बाबूजी!” हात्तिच्या! हिंदीत खाली म्हणजे रिकामी. सगळा जन्म झाशीत काढून माणूस याच शब्दावर घसरला. पण आपण इथले सगळे मराठी कधी ना कधी असेच घसरतो, हसणार कुणाला? तेव्हापासून आमच्यात थट्टाच झाली. ते ‘खाली’ म्हणाले की मी विचारायचो, “कौन सी खाली, काका? आपली की मेकॅनिकवाली?”

एका गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. मोठ गावाच्या अलीकडे शाफ्टच निखळून रस्त्यावर आपटला होता. मी शटर ओढलं, क्रॉस पिशवीत टाकला आणि बस पकडली. सगळा रस्ता मनातल्या मनात त्यांना झापत होतो.

पिकअप कडुनिंबाखाली उभी होती. पुढच्या सीटवर एक बाई शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “ते रागावणारे दुकानदार तुम्हीच ना? या, बसा. यांना रोज सांगते, गाडी उचलून घ्या, मी राहते घरी. ऐकतील तर शपथ!”

तेवढ्यात मला त्यांचे गुडघे दिसले. सुजून घट्ट झालेले, वाकतच नव्हते.

काका मला गाडीच्या मागे घेऊन गेले. मोठच्या मंडीतून भाजी आणून झाशीत विकायचा धंदा दोघांचा होता. माल निवडायची ती, बुंदेलीत घासाघीस करायची ती. काका नुसते चालवायचे. गुडघे गेल्यावर आधी तिला चढायला स्टूल ठेवून पाहिलं. त्यावरून ती पडली आणि म्हणाली, आता मी येत नाही. तेव्हा यांनी गाडीच खाली आणली.

“तीस वर्षं ती माझी ड्यूटी संपायची वाट बघत घरात बसली, भैया. आता परत बसवू?”

मला माझीच लाज वाटली. हौस म्हणालो होतो मी.

शाफ्ट जोडून परत आल्यावर लोहाराकडून लोखंडाच्या दोन पाचरी करून घेतल्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी त्या बसवल्या तसा शाफ्टचा कोन जुळला आणि थरथर थांबली. गाडी होती तेवढीच खाली राहिली. एक नवा क्रॉसही मी त्यांच्या डॅशबोर्डात टाकला. म्हटलं, लागायचा नाही, पण असू द्या.

हिवाळा सरला, उन्हाळा सरला. काका एकदाच आले, तेही रिकामा रुमाल उलगडून दाखवायला. “जिवंत आहे!” म्हणाले आणि मनापासून हसले. माझी कॉलर आठवडाभर ताठ होती.

दिवाळीनंतर पुन्हा रुमाल काउंटरवर आला. आत तोच नवा क्रॉस होता, पाकिटातून न काढलेला.

“परत घ्या, भैया. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

“अहो, असू द्या की! शाफ्टनं पुन्हा त्रास दिला का?”

“नाही, नाही. उत्तम चालतो.” मग रुमालाची घडी घालता घालता म्हणाले, “गाडी खाली आहे.”

“ते मला सांगताय? पाचरी कुणी बसवल्या?”

त्यांनी मान हलवली. “ती नाही, भैया. मेकॅनिकवाली.”

मी काउंटरवरून त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं त्यांनीच हात सोडवून घेतला, घडी केलेला रुमाल खिशात ठेवला आणि गेले.

पुन्हा ते दुकानात आले नाहीत. गाडी एका दूधवाल्यानं घेतली आणि चार दिवसांत वर उचलून घेतली. परवा चौराह्यावर दिसली. ड्रायव्हरनं दाराची कड धरली, एक पाय वर टाकला, हिसका देऊन अंग वर ओढलं, तेव्हा कुठे तो आत पोचला. धडधाकट तरणा गडी तो.

एवढी उंच असते होय पिकअप? आयुष्यभर तिचे भाग विकले, पण मी कधी पाहिलंच नव्हतं.