गाडी तापायची जागा

आमच्या गाडीची तापायची जागा ठरलेली होती. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागलं, की बाबांचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं तापमानाच्या काट्यावर असायचं. आत्याच्या वाडीखालचं वळण येईस्तोवर काटा लाल रेघेला टेकायचा. बाबा गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि मला म्हणायचे, "जा, पाणी माग."

गाडी माझ्याहून वयाने मोठी. पांढरी, गोल दिव्यांची, दार लावताना खिडकीची काच हाताने धरून ठेवावी लागणारी. महाडात ती दिसायच्या आधी ऐकू यायची. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तिचा पत्र्याचा पंखा असा काही घोंघावायचा, की ती चवदार तळ्यापाशी वळली की आई घरात चहाचं आधण ठेवायची. पंखा आवाजच फार करायचा, काम बेताचं. सपाटीला ठीक, पण घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन रखडायला लागलं, की पट्टा घसरायचा आणि ऐन गरजेच्या वेळी पंखा सुस्तावायचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्यात आणि बाबांच्यात अबोला होता, आणि त्याला कारण माझ्या धाकट्या भावाचं बारसं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. पण त्या सकाळी तिची म्हैस व्यायली, एसटी चुकली, आणि मुहूर्त टळतोय म्हणून बाबांनी शेजारच्या काकूंकडून कुर्र करून घेतलं. आत्या पोचली तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. तिनं बाळाच्या अंगावर झबलं-टोपडं ठेवलं आणि घोटभर पाणीही न पिता परत गेली. तेव्हापासून बाबा तिच्या घराची पायरी चढले नाहीत, आणि ती आमच्या घराची.

गाडी मात्र दर वेळी तापायची. प्रतापगडावर देवीला निघालो की तापायची, महाबळेश्वरला निघालो की तापायची. थंडीत काटा पुरता वर गेलेला नसला, तरी बाबा म्हणायचे, "तापतेय बघ." मी पाणी मागायला जायची वेळ क्वचितच यायची. पंख्याचा आवाज दोन वळणं खालूनच वाडीत पोचायचा आणि आत्या कळशी कमरेवर घेऊन रस्त्याला येऊन उभी असायची.

मग दोघांचं बोलणं सुरू व्हायचं, माझ्यामार्फत.

"तुझ्या बापाला सांग गो, झाकण गरम हाय. फडकं घे म्हनावं."

"तिला सांग, मला कळतं."

"कळतं तर दर खेपेला हात कसा भाजतो, इचार."

दोघं दोन हातांवर उभी, आणि मध्ये मी बावळटासारखी मान फिरवतेय. इंजिन निवेपर्यंत आत्या माझ्याकडे सगळ्यांची चौकशी करायची. बापाचा खोकला गेला का? रात्री उठून बसतो का अजून? बाबा रेडिएटरकडे तोंड करून "बरा आहे म्हणावं" असं सांगायचे. मग ती माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवायची. गाडीला कळशीभर पाणी मिळायचं, मला वडी, आणि बाबांना काहीच नाही. तरी पुढचा सगळा घाट बाबा गुणगुणत चालवायचे.

मला एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा बाबांना काहीतरी सुखाचं द्यायचं माझ्या मनात होतं. महाडातल्या गॅरेजवाल्याने सुचवलं, की नव्या गाड्यांना असतात तसे दोन विजेचे पंखे बसवू. इंजिन रखडलं तरी ते आपले जोरात फिरत राहतील. त्याने जुन्या पंख्याची पाती काढली. पट्टा तेवढा पाण्याच्या पंपासाठी ठेवला. पंख्यांना वीज पुरावी म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, आणि स्टिअरिंगशेजारी एक बटण दिलं. घाट लागला की चालू करायचं, संपला की बंद. बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, "छान केलंस" म्हणाले, आणि जुना पंखा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर नेऊन ठेवला. इतकी मोठी भेट दिल्यावर माणसाने जरा तरी हसावं, असं वाटून मी फुरंगटले.

संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता वाडीखाली थांबायला ते काय कारण सांगतील गं?"

मी तशीच उठून बाबांकडे गेले. म्हटलं, "आत्याकडे असंच थांबू की आपण."

"बोलावणं नसताना?" बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपर वर धरला. असा राग आला मला त्या दोघांचा! एकाच माळेचे मणी.

चैत्रात देवीला निघालो. फक्त बाबा आणि मी. घाट लागला, बाबांनी बटण दाबलं, आणि गाडी तोंडातून अक्षर न काढता चढायला लागली. काटा मधोमध. आपली गाडी बिघडावी म्हणून मी तेव्हा देवीला हात जोडले. वाडी दोन वळणांवर आली. बाबांनी समोर बघत डावा हात सोडला आणि बटण बंद केलं. मी पटकन खिडकीबाहेर बघायला लागले.

काटा चढला. वळणावर आलो तोवर बॉनेटमधून वाफ निघत होती. बाबा उतरले आणि त्यांनी वर पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. पंख्याचा आवाजच नाही, तर तिला कळणार कसं? मी निघाले, तर बाबा म्हणाले, "थांब, मी जातो."

ते पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर गेले. मी मागोमाग. आत्या अंगणात शेळीला पाला टाकत होती. बाबा अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"आक्का, गाडी तापली."

आत्याच्या हातातला पाला तसाच राहिला. "आवाज नाय आला."

"नवे पंखे बसवलेत. विजेचे. पोरीनं."

"मंग तापली कशी?"

बाबा चपलांकडे बघत राहिले. "मी बंद केले. दोन वळणं आधी."

आत्या आत गेली. बाहेर आली ती कमरेवर कळशी आणि हातात तांब्या घेऊन. कळशी तिने माझ्याकडे दिली. "ही गाडीला." मग तांब्या बाबांच्या पुढे धरला. "आनि हा तुला. बस रे. पानी पी आधी."

बाबा ओटीवर बसले.

मी कळशी घेऊन खाली आले, इंजिन निवेपर्यंत थांबले, झाकण उघडून पाणी ओतलं. गाडी कधीचीच निघायला तयार होती. मी बॉनेटला टेकून तशीच उभी राहिले. वरून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता.