उन्हाने गार केलेली खोली

माझा मावसभाऊ माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेला. मी त्याला दादा म्हणतो. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे भावाचं म्हणून जे काही असतं ते सगळं त्याच्याच वाट्याला गेलं. खाडीत पोहायला त्याने शिकवलं. पहिली विडी त्याने ओढायला दिली. माझे वडील गेले तेव्हा स्मशानातून परतताना माझा हात धरून चालणाराही तोच होता.

ऐंशीच्या दशकात मालगुंडच्या बाजूला मुंबईची माणसं गाड्या घेऊन येऊ लागली. आधी ती देवदर्शन करून संध्याकाळी परत फिरायची, मग राहू लागली. दादाची समुद्राकडे उतरणारी जमीन होती, वर कातळ आणि खाली माडांची रांग. त्याने तिथे चिऱ्याच्या काही खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर 'रिसॉर्ट' असा बोर्ड लावला. आमच्याकडे तो शब्द तेव्हा नवा होता. मावशी शेवटपर्यंत त्याला 'रिझल्ट' म्हणायची.

अडचण होती ती उकाड्याची. पाहुणे समुद्रावरून खूश होऊन यायचे आणि दुपारी जेवून आडवे झाले की कुरकुर सुरू. पंख्याचा वाराच गरम, उशी घामाने ओली. दादाने एका खोलीत एसी बसवून पाहिला. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की तो नुसता घरघर करून गप्प व्हायचा. जनरेटर चालवावा तर डिझेल पिऊन टाकायचा. आणि लाईटबिल यायचं ते व्यापारी दराने. बिल आलं की दादा ते माझ्यासमोर असं धरायचा, जणू मीच ते पाठवलंय.

"तू बर्फ करतोस ना रे? मग माझ्या खोल्या गार करून दे की."

"बर्फाला पण वीजच लागते, दादा."

"आणि हे एवढं ऊन फुकट जातंय त्याचं काय?"

तो हे गमतीत बोलला होता. मी मात्र ते घरी घेऊन आलो.

मी तेव्हा रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात इंजिनियर होतो. मासळीसाठी लागणारा बर्फ आम्ही करायचो. अमोनिया माझ्या रोजच्या ओळखीचा. आता कारखान्यात त्याला दाबायला विजेवरचा कॉम्प्रेसर असतो. पण नुसत्या उष्णतेवरही अमोनियाकडून गारवा काढून घेता येतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया उन्हात तापवायचा. तो वाफ होऊन निघतो. त्याला दुसऱ्या नळीत थंड करून साठवायचं. संध्याकाळी झडप उघडली की तो पुन्हा आपल्या पाण्याकडे परत धावतो, आणि जाता जाता वाटेतली उष्णता ओढून नेतो. ती वाट टाकीतल्या पाण्यातून नेली तर रात्रभरात टाकी गार होते. दुसऱ्या दिवशी ते पाणी एका छोट्या पंपाने खोलीतल्या तांब्याच्या नळ्यांतून फिरवायचं आणि मागे पंखा लावायचा. वीज लागणार ती तेवढ्या पंपापुरती आणि पंख्यापुरती.

पुढची दोन वर्षं माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या कातळावर गेल्या. पत्र्याच्या लांब पन्हळी वाकवून घेतल्या आणि ऊन अमोनियाच्या नळीवर एकवटावं म्हणून त्यांच्या आत आरशाच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्या चिकटवायचं काम बायकोने केलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. ती पदर डोक्यावर ओढून उन्हात बसायची आणि एकेक पट्टी दाबून धरायची. टाकीभोवती भाताचं तूस भरायची कल्पनाही तिचीच. "बर्फाच्या गाडीत तूस घालतात ना, मग इथे का नको?" असं म्हणाली होती. दादा सामान पुरवायचा, दुपारी स्वतः सोलकढीचा तांब्या घेऊन वर यायचा आणि जमलेल्या माणसांना सांगायचा, "आमचा भाऊ सूर्याला कामाला लावतोय."

आणि ते चाललं. हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण पुढे जे झालं त्यात हे बुडून गेलं. ते यंत्र खरंच चाललं. एप्रिलच्या भर दुपारी त्या खोलीत शिरलं की विहिरीच्या पायरीवर बसल्यासारखं वाटायचं. हुडहुडी नव्हती. पण घाम सुकायचा आणि डोळा लागायचा. मावशी तिथे एकदा दुपारभर झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "पाऊस पडून गेला काय रे?"

दादा मात्र खोलीत उभा राहून हात पुढे करून वारा तपासत होता. "एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढं फार झालं, दादा. बिलाकडे बघ."

"बिलाचं खरं. पण मुंबईतल्या थेटरात कसं गार लागतं, तसं हवं. दारात पाऊल टाकल्याबरोबर." मग माझा चेहरा बघून त्याने पाठीवर थाप मारली. "होईल रे. तू करशील."

मे महिन्यात त्याने उद्घाटन ठरवलं. मुंबईचे हॉटेलवाले, एक बँकेचे साहेब, एक-दोन पत्रकार. कोणी भागीदार होतंय का, हे बघायचं होतं. आदल्या दिवशीच आम्ही नवराबायको तिथे मुक्कामाला गेलो. सकाळी दादाने मला पाहुण्यांना आणायला गाडी देऊन रत्नागिरीला पाठवलं. "तू गेलास तर बरं. वाटेत त्यांना सगळं समजावून सांगता येईल," असं तो म्हणाला. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि वाटेत सगळं समजावून सांगितलं.

परत आल्यावर पाहुण्यांना घेऊन खोलीचं दार उघडलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. आत हिवाळा होता. बँकेच्या साहेबांबरोबर आलेल्या बाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि त्या हसत म्हणाल्या, "अहो, शाल मिळेल का?" सगळे हसले. मला आधी कळेना. मग वाटलं, काल संध्याकाळी मी झडपेचं नवीन वॉशर बसवलं होतं, त्याचाच हा परिणाम. दोन वर्षं जे हुकत होतं ते नेमकं आज जमलं. पत्रकाराने विचारलं, "हा गारवा येतो कुठून?" मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला लागतंय ना, ते कालचं ऊन आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाही वाजवत होता. बायको दाराशी सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मला वाटलं, तिचे डोळे भरून आले असतील.

जेवणं झाल्यावर पाहुणे माडांखाली खुर्च्या टाकून बसले आणि मी खोलीच्या मागे गेलो. टाकीतलं पाणी किती गार झालंय ते मला थर्मामीटर घालून बघायचं होतं. वॉशरने एवढा फरक पडतो तर तो मोजून ठेवायला हवा. टाकीजवळचं तूस ओलं होतं आणि जमिनीवर पसरलं होतं. मी झाकण उचललं.

आत बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या. टाकी भरून.

त्या आमच्या कारखान्याच्या होत्या. आमच्या काही साच्यांना एका अंगाला पोचा आला होता, त्यामुळे त्यांतून निघालेल्या लादीच्या कुशीत खळगा पडायचा. तो खळगा मी कुठेही ओळखला असता. मी त्यात बोटं घातली. रजेवर येण्याआधी या लाद्या गोठताना मीच पाहिल्या असतील.

दादा मागे येऊन उभा राहिला होता.

"झाकण लाव," तो हळूच म्हणाला. "लोक आहेत."

"हे काय केलंस तू?"

"एका दिवसाचा प्रश्न होता रे. आज ते खूश झाले की पुढे तू सावकाश सुधार. तुला कोण अडवतंय?"

"ते चालत होतं, दादा. माझं ते चालत होतं."

"चालत होतं, पण दिसत नव्हतं," दादा म्हणाला. "माणसं मुंबईहून येणार ती अंगावर काटा येईल म्हणून. घाम सुकला म्हणून कोण भागीदारी करतो मेल्या?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू आज असा बोलला असतास?" तो चक्क हसला. "कालचं ऊन! वा! साहेब एकदम गार झाले. तुझ्या चेहऱ्यावर खोटं टिकत नाही, म्हणून तर तुला गाडी घेऊन पाठवलं."

म्हणजे बर्फाइतकाच मीही त्या दिवशी आणून ठेवलेला माल होतो. माझा खरेपणा त्याने नीट ओळखला होता आणि नेमका वापरला होता. लहानपणापासून ओळखणारा माणूसच हे करू जाणे. मला तिथे ओरडता आलं असतं, माडांखाली जाऊन सगळ्यांना टाकीपाशी आणता आलं असतं. पण मी झाकण धरून तसाच उभा राहिलो. दादाने माझ्या हातून झाकण घेऊन जागेवर बसवलं, पायाने तूस सारखं केलं आणि पाहुण्यांकडे गेला.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. बायको खिडकीशी बसली होती. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. मग मी तिला बर्फाचं सांगितलं. ती चमकली नाही.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही गेल्यावर टेम्पो आला. मी पाहिला ना उतरवताना."

"आणि मला बोलली नाहीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याच कारखान्याचा बर्फ. मला वाटलं, तुम्हा दोघा भावांचं ठरलंय आणि मलाच सांगितलं नाहीत. आणि मग तुम्ही ते उन्हाचं इतकं सरळ चेहऱ्याने बोललात, की मला कसंतरी झालं."

दारातली तिची खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांसमोर आली. ती दिवसभर मला खोटारडा समजत होती, आणि तसं समजूनही सरबत वाटत होती. दादाने मला फसवलं हे एक झालं. पण तिला ते माझ्याबद्दल खरं वाटू शकलं, हे मला जास्त लागलं. तिलाही तसंच काही लागलं असणार. तिने कातळावर बसून चिकटवलेला एकेक आरसा त्या दुपारी तिच्या मनात खोटा ठरला होता. घर येईपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंना बघत बसलो.

दादाला भागीदार मिळाले. मीही पुढे काही महिने तिकडे गेलो नाही, आणि त्यानेही बोलावलं नाही. नव्या खोल्या झाल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये मोठा जनरेटर बसला आणि खोल्यांच्या मागच्या भिंतीत एसी बसले, ते बाहेरून दिसू नयेत म्हणून पुढे जाळी आणि जाळीवर वेल. रस्त्यावरच्या बोर्डावर मात्र 'सूर्यशक्तीवर वातानुकूलित' असं लिहिलेलं, वर पिवळा सूर्य काढलेला.

नळ्यांत अजून अमोनिया होता आणि त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. जुनी झडप फुटली तर पाहुण्यांचे डोळे जातील, या भीतीने शेवटी मीच गेलो. बायको न विचारता बरोबर आली, ओले टॉवेल आणि पाण्याचा डबा घेऊन. आम्ही तो सगळा अमोनिया थोडा थोडा पाण्याच्या पिंपांत सोडला. वास नाकात गेला की ती टॉवेल पिळून पुन्हा ओला करून माझ्या तोंडावर बांधायची. काम संपल्यावर ती म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." एवढंच बोलणं झालं, पण त्या दिवसापासून घरात पुन्हा पूर्वीसारखा आवाज येऊ लागला.

मी पन्हळी सोडवायला घेतल्या तेव्हा दादा आला. "आरसे राहू देत हां," तो म्हणाला. "लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात."

पुढच्या उन्हाळ्यात मालवणकडून एक हॉटेलवाले मला शोधत कारखान्यात आले. दादाच्या खोलीत राहून आले होते. त्यांना तसलंच यंत्र हवं होतं, तितकंच गार. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं: माझं यंत्र किती गार करायचं, उद्घाटनाला काय झालं, आता वेलीमागे काय आहे. वर हेही म्हणालो की, "पाहुण्यांना दुपारी झोप लागेल एवढा गारवा मी तुम्हाला उन्हावर देऊ शकतो. तुमचं बिल निम्म्याच्या खाली येईल."

ते शांतपणे ऐकून उठले. "तुमच्या भावानं सांगितलं होतं," ते म्हणाले, "की तुम्ही गुपित सांगणार नाही. पण स्वतःच्या भावाला असं बदनाम करणं बरं नव्हे." चहा अर्धा टाकून ते गेले.

मी दुसरं यंत्र बांधलं नाही.

मावशी गेली तेव्हा बाराव्याला आम्ही गेलो. जेवणाच्या पंक्ती उठत होत्या. दादा सुतकाने खंगला होता, दाढी वाढलेली. मुंबईचे नातेवाईक रिसॉर्टचं कौतुक करत होते. त्याने मला हाताला धरून त्यांच्यामध्ये नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. "हा नसता तर यातलं काही उभं राहिलं नसतं," तो म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, कुठे थट्टा किंवा लाज दिसते का म्हणून. काहीच नव्हतं. तो मनापासून बोलत होता.

मी खांदा सोडवून घेतला आणि वाढायला उभ्या असलेल्या बायकोच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं.