साबणाची वडी आणि करंजीचा घाट

बन्सीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाचच्या एस.टी.नं करंजीहून नगर, आणि सातला गॅरेजात हात काळे. बहात्तरच्या दुष्काळात महिन्याचा पगार मिळणारा त्याच्या आळीत तो एकटाच. बायको चांगुणा घाटातल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. आठवड्यापूर्वी दगडाची कपची उडून तिच्या डाव्या डोळ्यात रुतली होती. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवलंत तर डोळा जाईल. पगार शनिवारी होता, आणि तो एका गाडीपायी अडला होता.

गाडी कोपरगावच्या आप्पासाहेबांची, जुनी विलायती. मुंबईच्या कुणा मेस्त्रीनं तिला वरून ब्लोअर बसवला होता. पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा. ताकद वाढली, पण चढाला इंजिन ठोके देऊ लागलं. सोमवारी बन्सीनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, ठोके गेले. मंगळवारी नवंच दुखणं. जागेवर इंजिन एका सुरात चाले, चढ लागला की फटफट करून मरे. त्यानं पॉइंट बदलले, पंप उघडला, गाळणी धुतली, पट्टा ताणला. प्लग काढावा तर पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पण पंप तर चांगली धार मारत होता! एस.टी.त, जेवताना, झोपेतसुद्धा त्याला ती फटफट ऐकू येई.

मालक म्हणाला, "शनिवारी घाट चढली नाही तर पगाराचं विसर. कामावरही येऊ नको."

शनिवारी आप्पासाहेबांना मागं बसवून तो घाट उतरला आणि करंजीतून गाडी वळवली. चढाच्या दुसऱ्याच वळणाला ती मेली. नेमकी खडीच्या ढिगासमोर.

"आवं मेस्त्री, ढकलू का?" रंगुबाईनं हातोडी थांबवली. "पर त्याची येगळी हजेरी लावा!"

बाया फिदीफिदी हसल्या. बन्सीनं बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. पदरानं डोळा झाकून चांगुणा जवळ आली. चार बायांत काय बोलावं तिला कळेना. हळूच म्हणाली, "अवं, धुन्याची साबनाची वडी अर्धीच ऱ्हायलीय. तुमी नेली व्हय?"

"हितं साबन काय काढलास?" तो खेकसला. आणि पाना हातातच राहिला.

सोमवारी ब्लोअरकडून कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीकडं जाणाऱ्या तांब्याच्या नळीच्या सांध्यातून हवा निसटत होती. गळकी टाकी बुजवतात तसा त्यानं साबण मळून चेपला होता. पेट्रोलात साबण विरघळत नाही, सगळे मेस्त्री हेच करतात. पण ही नळी ब्लोअरचा दाब वाटीत नेणारी. चढाला ब्लोअर जोर करतो, तेवढाच जोर वाटीतही हवा, नाहीतर पेट्रोल पुढं सरकत नाही.

नळी तापलेली होती. बोटं भाजत त्यानं ती सोडवली, फुंकली. हवा जाईना. तार घातली तेव्हा तापून आत सरकलेल्या साबणाची गुळगुळीत गोळी निघाली. चांगुणाच्या पदराच्या काठाचे चार दोरे ओढून त्यानं सांध्याला गुंडाळले आणि नट आवळला.

"मुंबईवाल्याची चूक ना?" आप्पासाहेबांनी काच खाली करून विचारलं.

हो म्हणायचा अवकाश होता. कुणी बघितलं नव्हतं.

"न्हाई जी. माझीच. म्या साबन चेपला हुता."

आप्पासाहेब मागं रेलले. "चार दिवस त्याला उगाच शिव्या घातल्या म्हणायच्या. चल, हाण."

वळणामागून वळण गाडी चढत गेली. बन्सीनं माथ्यावरही पाय ढिला केला नाही, कान इंजिनाकडंच. गॅरेजच्या दारात इंजिन बंद केलं तेव्हा कुठं त्यानं सदऱ्याला हात पुसले.

सोमवारी पहाटे चारला दोघंही नगरला जायला उठली. त्या महिन्याच्या पगारात चांगुणाच्या डोळ्यातली कपची निघाली. उरलं त्यात साबणाची एक वडी आली. ती मात्र चांगुणानं त्याच्या हाताला लागणार नाही अशी, वर फळीवर ठेवली.